सासूबाई, मी आणि ऑनलाइन मास्टर्स

पहिला फोन आला तेव्हा मी आंघोळीला गेले होते. त्यामुळे माझ्याआधी सासूबाईंचीच ॲडमिशन व्हायची वेळ आली.

झालं असं, की आदल्या संध्याकाळी कंपनीच्या बसमध्ये बसल्या बसल्या मी मोबाइलवर 'इन्फर्मेशन सिस्टिम्स, ऑनलाइन मास्टर्स, कमी फी' एवढंच टाकून बघितलं होतं. एका पानावर त्यांनी फोन नंबर मागितला, मी भोळेपणानं दिला. मला वाटलं, एखादं माहितीपत्रक पाठवतील. दुसऱ्या दिवशी रविवार. मी केस पुसत बाहेर आले तर सासूबाई सोफ्यावर मांडी घालून बसलेल्या, माझा फोन स्पीकरवर, आणि पलीकडून एक मुलगी फार गोड आवाजात विचारत होती, "मॅम, तुमचा एक्सपीरियन्स किती आहे?"

"लई हाय," सासूबाई म्हणाल्या. "लगीन होऊन आले तवापास्नं करतीय. धा-बारा मान्सांचं बघायची मी एकली."

"म्हणजे टीम हँडल केलीय! मॅम, तुमचं प्रोफाइल खूपच स्ट्राँग आहे."

"व्हय का?" सासूबाईंनी पदर सारखा केला. एवढ्या वर्षांत घरात हे त्यांना कुणी म्हटलं नव्हतं.

"आणि मॅम, ग्रॅज्युएशन कधी झालं?"

इथे मात्र गाडी जरा अडली. "सातवी झालीय," त्या म्हणाल्या, आणि घाईनं जोडलं, "पण पयल्या नंबरात."

पण मुलगी शिकवून तयार केलेली होती. "काहीच प्रॉब्लेम नाही मॅम, आमच्याकडे सर्टिफिकेट कोर्सेसही आहेत," ती म्हणाली. तेवढ्यात मी फोन काढून घेतला. सासूबाईंना ते आवडलं नाही. "बोलत व्हती की चांगली. मदीच तोडलंस," म्हणाल्या, आणि मग अर्धा दिवस माझ्याशी मोजकंच बोलल्या.

मला हे मास्टर्स का सुचलं तेही सांगायला हवं. मी महाळुंग्याच्या एका कंपनीत डिस्पॅचला आहे. आमच्याकडे गाड्यांचे सुटे भाग बनतात, आणि ते कुठल्या ट्रकमधून कुठे गेले हे बघणं माझं काम. शिक्षण बी.कॉम. काही वर्षांपूर्वी कंपनीनं सगळा कारभार नव्या सॉफ्टवेअरवर नेला, तेव्हा त्याच्या ट्रेनिंगला आमच्या खात्यातून मला पाठवलं. माझी हुशारी बघून नव्हे. त्या दिवशी बाकीचे दोघं रजेवर होते म्हणून. पण मला त्यात गोडी लागली. हळूहळू असं झालं की कुठेही सिस्टिम अडकली की स्टोअरवाले, अकाउंट्सवाले, गेटवरचा सिक्युरिटीवाला, सगळे मलाच हाक मारायचे. मी मनातून स्वतःला सिस्टिमवाली समजायला लागले होते.

आणि मग कंपनीनं खरोखरच सिस्टिम्सचा वेगळा विभाग काढला आणि त्यावर एक तरुण मुलगा आणून बसवला. माझ्यापेक्षा चांगला लहान. स्वभावानं इतका गोड, की त्याच्यावर धड रागावताही येईना. दिवसातून चार वेळा माझ्या टेबलाशी यायचा. "मॅडम, मालाचं हे चलन रद्द कसं करायचं?" मी त्याला 'सर' म्हणायचे आणि शिकवायचे. एचआरच्या बाईंना मी एकदा विचारलंच, की त्या विभागात मला का नाही घेत? त्या म्हणाल्या, "अहो, तुमच्याशिवाय डिस्पॅचचं पान हलत नाही! पण पॉलिसीत पोस्टग्रॅज्युएट लिहिलंय ना." असं म्हणून त्यांनी मला चहा पाजला. चहा चांगला होता, पण त्यानं पॉलिसी बदलली नाही.

नवरा भोसरीला टूलरूममध्ये आहे. त्याला सांगितलं तर म्हणाला, "कर की. फक्त मॅच चालू असताना टीव्हीचा आवाज कमी करायला सांगू नकोस." एवढ्यावर त्याची संमती मिळाली. पुढे एका परदेशी विद्यापीठाचं पान मी त्याला दाखवलं. त्यांनी आपली फी फारच परवडणारी असल्याचं मोठ्या अक्षरांत लिहिलं होतं. त्यानं डॉलरचे रुपये केले, एकदा खात्री करून घेतली, आणि स्वतःच टीव्ही बंद केला. ते विद्यापीठ तिथेच संपलं.

खरी अडचण सासूबाईंची होती. त्यांचं सगळं आयुष्य चाकणजवळच्या गावात शेतीत गेलेलं. आता थोडी जमीन कारखान्यांत गेली, उरलेली दीर बघतात, आणि सासूबाई आमच्याकडे चिंचवडला असतात. त्या फोननंतर माझं शिक्षण हे त्यांनी आपलंच काम मानलं होतं. मी बसनं कामाला गेले की त्या दिवसभर येणारे फोन घ्यायच्या. माझा नंबर बंद लागला की ही मंडळी घरच्या दुसऱ्या नंबरवर फोन करायची, आणि तो सासूबाईंचा होता. तो मीच दिला होता. संध्याकाळी मला अहवाल मिळायचा.

"आज एक नागपूरचा पोरगा व्हता. लई घाई करत व्हता, त्याचं नगं. दुपारी एक पोरगी आली फोनवर, तिचा आवाज बसला व्हता. तिला म्हणलं, आधी हळद-दूध घे, मंग फोन कर."

"आई, फीचं काय म्हणाली ती?"

"फीचं कुटं इचारू? बिचारीला बोलवत नव्हतं."

एकदा त्यांनी मला स्वैपाकघरात गाठून विचारलं, "पर ह्यात शिकणार काय गं तू? कंप्युटर तर तुला येतोच."

मी पोळ्या लाटत लाटत समजावलं, की कंपनीत माहिती एकीकडून दुसरीकडे जाते. स्टोअरला काय कळायला हवं, हिशेबाला काय, मालकाला काय, ते कसं पोचवायचं, कुठे साठवायचं, कुणाला दाखवायचं नाही, याचं ते शास्त्र आहे.

सासूबाई विचारात पडल्या. "म्हंजी थोरल्या जावंचं माझ्या कानावर घालायचं, पर माझं तिच्या कानावर जाऊ द्यायचं न्हाई, तसं?"

"साधारण तसंच."

"त्येला मास्टर्स कशाला लागतंय!" त्या म्हणाल्या. पण त्यांचा आदर वाढलेला दिसला, कारण त्या दिवशी उरलेल्या पोळ्या त्यांनी केल्या.

अखेर दोन जागा उरल्या. एक चकचकीत खाजगी विद्यापीठ, ज्याचं एक ऑफिस ताथवड्याला होतं. आणि एक जुनं सरकारी विद्यापीठ, ज्याची वेबसाइट उघडताना मध्येच चहा करून आणता यायचा. दोन्हींच्या ऑनलाइन पदवीला मान्यता होती, ती मी सरकारी संकेतस्थळावर जाऊन बघितली. सरकारीची फी बरीच कमी. पण मन त्या चकचकीतकडे ओढत होतं, हे कबूल करते. त्यांच्या जाहिरातीत माझ्याच वयाची एक बाई खिडकीशी लॅपटॉप घेऊन बसलेली, शेजारी कॉफीचा मग, आणि घरात एकही माणूस नाही. मला अभ्यासक्रमापेक्षा ते घरच जास्त आवडलं होतं.

"बघून आल्याबिगर पैसं भरायचं न्हाई," सासूबाई म्हणाल्या.

"आई, ऑनलाइन आहे ते. बघायला काही नाही."

"ऑनलाइनचं हापिस तर हाय ना? मंग त्ये बघू."

शनिवारी रजा टाकून आम्ही दोघी रिक्षानं ताथवड्याला गेलो. सासूबाईंनी लग्नाला नेसायची साडी नेसली होती. रस्त्याच्या दोन्ही बाजूंना इंजिनिअरिंग कॉलेजं आणि त्यांच्यापेक्षा उंच नव्या सोसायट्या. त्यांना प्रत्येक इमारत आपलीच वाटत होती. "ह्ये का? येवढं मोठं?" शेवटी रिक्षा थांबली ती एका मोबाइलच्या दुकानाशी. वरच्या मजल्यावर काचेच्या केबिनांचं ऑफिस होतं. एसी जोरात. गळ्यात पट्टा घातलेला एक तरुण काउन्सेलर धावत आला आणि त्यानं वाकून सासूबाईंना नमस्कार केला. तिथेच निम्मं काम झालं.

आम्ही बसतोय तोच पलीकडच्या केबिनमध्ये घंटा वाजली आणि सगळ्या ऑफिसनं टाळ्या वाजवल्या. सासूबाई दचकल्या. "पास झालं का कुणी?"

"नाही आजी, ॲडमिशन झाली."

"आन् पास झाल्यावर?"

काउन्सेलर हसला. पास झाल्यावर काय वाजवतात ते त्याला माहीत नसावं. त्यानं मला अभ्यासक्रम दाखवला, परदेशी सॉफ्टवेअरची चित्रं दाखवली, आणि शेवटी फी सांगितली. सासूबाईंनी पिशवी उचलली. "चल गं, उशीर झालाय." एवढंच म्हणून त्या उठल्या. चाकणच्या बाजारात सासऱ्यांबरोबर कांदा विकायला बसलेली बाई ती.

"आजी, एक मिनिट! आजच्या दिवस एक स्कॉलरशिप आहे," काउन्सेलर म्हणाला. फी खाली आली. सासूबाई दारापर्यंत गेल्या. आणखी एक स्कॉलरशिप निघाली. बाहेरच्या पायपुसण्यावर पाय पडला तेव्हा फी जवळजवळ सरकारीच्या शेजारी येऊन बसली होती.

मी तर हरखूनच गेले. माझा हात पेनाकडे गेला. पण सासूबाई माझ्या कानाशी म्हणाल्या, "येवढ्यात येवढा उतरला? आगं, मंग माल कसा आसंल!"

"आम्ही विचार करून सांगतो," मी काउन्सेलरला म्हटलं. तो जराही नाराज झाला नाही. त्याच्याकडे अजून एक हुकमी गोष्ट होती. कोपऱ्यात पदवीदानाच्या चित्राचा मोठा पडदा लावला होता आणि खुंटीवर काळा झगा आणि ती चौकोनी टोपी टांगलेली होती. "मॅडम, एक फोटो तर काढून जा. फील येतो." मी लाजून नको म्हटलं. सासूबाईंनी नाही म्हटलं नाही. त्यांनी झगा साडीवरून चढवला, टोपीखाली पदर नीट खोचला, आणि हातात गुंडाळी घेऊन अशा उभ्या राहिल्या, की बाकीच्या केबिनमधली माणसंही बघायला आली. टाळ्या वाजल्या. कुणीतरी हौसेनं घंटाही वाजवली.

तो फोटो मी फक्त नवऱ्याला पाठवला. त्यानं तो घरच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर टाकला, खाली लिहिलं, 'आमच्या मातोश्री'. बस. ताथवड्याहून चिंचवडला पोचेपर्यंत गावाकडून फोन सुरू. नणंद आनंदानं रडत होती. सासूबाईंच्या थोरल्या जाऊबाईंनी नुसताच अंगठा पाठवला होता, आणि सासूबाईंना तो अंगठा सगळ्यांत जास्त आवडला. दुसऱ्या दिवशी दीर पेढे घेऊन हजर.

"वहिनी, आईनं कवा केलं ओ ह्ये? आमाला कळूबी दिलं न्हाई!"

मी सासूबाईंकडे बघितलं. त्या खिडकीतून बाहेर बघत होत्या.

"आई, सांगा की त्यांना."

"मी कुटं म्हणलं डिग्री घेतली म्हणून? मी फोटो काढला. वाचणाऱ्यांनी काय वाचलं त्ये त्यांचं त्यांनी बघावं." मग पेढ्यांचा बॉक्स उघडत म्हणाल्या, "बरं न्हाईतर पुढच्या वक्ताला आणलंस म्हणून समज. सून घेणार हाय डिग्री."

अशा रीतीनं माझे पेढे माझ्या प्रवेशाआधीच वाटून झाले. आता मागे फिरायची सोयच राहिली नाही.

सोमवारी कॅन्टीनमध्ये मी आमच्या तरुण सरांना विचारलं. त्यांनी त्या चकचकीत विद्यापीठाचंच ऑनलाइन मास्टर्स केलेलं, हे मला माहीत होतं. ते भजी खाता खाता थांबले. आजूबाजूला बघितलं.

"मॅडम, खरं सांगू? सगळी लेक्चर्स रेकॉर्डेड होती. मी ती दुप्पट वेगानं बघितली. नंतर एका कार्यक्रमात आमचे प्राध्यापक समोर भेटले, बोलले, तर मी ओळखलंच नाही. माझ्या डोक्यात त्यांचा आवाज चिमणीसारखा होता."

"पण शिकलात ना?"

"मॅडम," ते म्हणाले, "चलन रद्द कसं करायचं ते मी तुम्हाला विचारतो." आणि स्वतःच मोठ्यानं हसले. त्या दिवसापासून तो मुलगा मला मनापासून आवडायला लागला.

सरकारी विद्यापीठाचा एक वर्ग कुणालाही बघता येत होता. संध्याकाळी मी डायनिंग टेबलावर लॅपटॉप लावला. सासूबाई शेजारी खुर्ची ओढून बसल्या, मटार सोलायला घेतले. पडद्यावर एक मध्यमवयीन प्राध्यापक आले. मागे भिंतीचा रंग उडालेला, डोक्यावर पंखा इतका आवाज करणारा, की पहिली पाच मिनिटं आम्ही आमचाच पंखा बंद करून बघितला. शिकवणंही काही फार रंगतदार नव्हतं. सासूबाईंचे मटार संपले आणि त्या पेंगायला लागल्या. मी मनात चकचकीतकडे वळायला लागले होते.

तेवढ्यात ते म्हणाले, "कुणी कारखान्यात काम करता का? काही अडचण असेल तर लिहा."

मी लिहिलं, की आमच्याकडे सिस्टिममध्ये कधी कधी माल शून्याच्याही खाली, वजा दिसतो. नसलेला माल आणखी कमी कसा होतो?

प्राध्यापकांनी ते वाचलं आणि चष्मा काढला. "माइक चालू करा बाई. मला एक सांगा, तुमच्या गेटमधून आधी ट्रक बाहेर पडतो की आधी मालाची नोंद होते?"

माझ्या डोळ्यांसमोर रोजची दुपार उभी राहिली. तळेगाव-चाकण रस्ता तुंबायच्या आत ट्रक काढायची घाई, गेटवरची ओरडाओरड, आणि मग ट्रक गेल्यावर निवांत बसून भरलेल्या नोंदी. "आधी ट्रक," मी म्हटलं.

"आणि नवा माल आत आल्याची नोंद?"

"ती दुसऱ्या शिफ्टला."

"मग मशीन बिचारं काय करेल?" ते म्हणाले. वर्गात कुणीतरी नाशिकचा, कुणीतरी सोलापूरच्या सूतगिरणीतला, सगळे बोलायला लागले. प्रत्येकाच्या गेटची तीच कथा. तास संपला तरी ते सर थांबले. म्हणाले, यात दोष सॉफ्टवेअरचा की माणसांचा की घड्याळाचा, हे शोधणं म्हणजेच हा विषय. मला इतका आनंद झाला, की मी हात हलवून बोलत होते आणि नवरा मॅच सोडून माझ्याकडे बघत होता. कित्येक वर्षं मी रोज ज्याच्याशी झगडत होते, त्याबद्दल कुणी मला प्रश्न विचारला होता आणि उत्तराची वाट बघितली होती.

लॅपटॉप मिटला तेव्हा सासूबाई जाग्या होत्या.

"ह्योच मास्तर घे," म्हणाल्या. "पंखा बदलून घ्यायला सांग फक्त."

घेतला. अभ्यास मी बसमध्येच करायचे. महाळुंगे ते चिंचवड या रस्त्यावर जितकं वाचून होतं तितकं कुठल्याही ग्रंथालयात होणार नाही; ट्रॅफिक हलला की उलट माझी चिडचिड व्हायची. पहिल्या सत्रात डेटाबेसच्या पेपरात मी नापास झाले. हे मी घरात सांगितलं तेव्हा नवऱ्यानं स्वतःहून टीव्हीचा आवाज कमी केला, हे त्याच्या बाजूनं नोंदवते. सासूबाईंनी गावाकडे अवाक्षर काढलं नाही. पुढच्या वेळी तो पेपर सुटला तेव्हा मात्र दीर पुन्हा पेढे घेऊन आले, म्हणजे काढलं असणार.

त्या विभागातली जागा मला अजून मिळालेली नाही. तरुण सर दुसऱ्या कंपनीत गेले, जाताना माझं नाव सुचवून गेले, आणि एचआरच्या बाई हल्ली चहाबरोबर बिस्किटंही देतात. पण गेटवर एक बदल झाला. ट्रक सुटायच्या आधी तिथेच नोंद करायची, हे मी माझ्या प्रकल्पासाठी मांडलं होतं, ते प्लँटहेडनी करून बघितलं. ड्रायव्हर मंडळी पहिले काही दिवस मला बघून तोंड फिरवायची. आता माल वजा दिसत नाही. दिसला तर माझंच काही चुकल्यासारखं वाटतं.

प्रकल्पाची तोंडी परीक्षाही व्हिडिओवर झाली. मी चांगली साडी नेसून बसले. पडद्यावर तेच सर आणि बाहेरचे एक परीक्षक. मी बरी बोलले. परीक्षक समाधानी दिसले आणि मग म्हणाले, "तुमच्या मागे कोण बसलंय?"

मी वळून बघितलं. सासूबाई दाराशी खुर्ची टाकून बसल्या होत्या. त्यांना वाटलं होतं, तिथून त्या दिसत नाहीत.

"माझ्या सासूबाई," मी म्हटलं. "त्यांनीच तुमचं विद्यापीठ निवडलं."

"वा! मग त्यांना आम्हाला काही विचारायचंय का?"

मी काही बोलायच्या आत त्या उठून आल्या, माझ्या खांद्यावरून पडद्याकडे वाकल्या. "इचारायचं काय? पोरगी नीट शिकली का न्हाई तेवढं सांगा. आमी मागनं ऐकून काय कळत न्हाई."

सरांनी चष्मा काढला, तोंड उघडलं, आणि नेट गेलं. सर तसेच पडद्यावर गोठले, एक हात वर. मी राउटरकडे धावले, वायर काढली, पुन्हा लावली. परत येऊन बघते तर सासूबाई हात जोडून, त्या न हलणाऱ्या माणसासमोर अदबीनं वाकून उभ्याच होत्या.

"आई, नेट गेलंय. ते ऐकत नाहीयेत."

"गप बस," त्या हळूच म्हणाल्या. "इचार करत्यात ते."